विश्लेषण : अठरा पूर्ण झाली, आता राहायचे कुठे?

बहुतेक घरांत मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली, की मतदार यादीतले नाव, गाडी चालवण्याचा परवाना आणि बारावीनंतरचा प्रवेश यांची चर्चा सुरू होते. राहायचे कुठे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. खोली तीच असते आणि रात्रीचे ताटही तेच. बालगृहात वाढलेल्या मुलासमोर मात्र त्या दिवशी पहिला प्रश्न हाच असतो. फलाटावरून, पदपथावरून किंवा मोडलेल्या घरातून उचलून ज्याला सरकारने छप्पर दिले, त्याचे छप्पर वयाच्या एका आकड्यापाशी संपते. पुढची सोय वेळेवर झाली नाही, तर तो जिथून आला तिथेच परत जाण्याचा धोका असतो. हा धोका टाळण्यासाठी कायदा आहे, योजना आहे, थोडाफार पैसाही आहे. मग अडते कुठे?

हा प्रश्न नेमका कोणाचा?

बालगृहातली सगळी मुले अनाथ असतात, हा गैरसमज आहे. कोणी घरातल्या मारहाणीला कंटाळून गाडीत बसलेले असते, कोणाची आई एकटी आणि आजारी असते, कोणी पालकांसोबतच पुलाखाली राहत असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, कल्याण, पुणे, नागपूर अशा मोठ्या स्थानकांवर एकटी सापडणारी मुले हा यातला एक मोठा गट. रेल्वे सुरक्षा दल, पोलीस किंवा स्वयंसेवी संस्था त्यांना बालकल्याण समितीपुढे उभे करतात. घरी पाठवणे शक्य आणि सुरक्षित असेल तर घरी पाठवले जाते. नसेल तर बालगृहात.

मुलांना रस्त्यावरून वाचवण्याच्या कामात महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्याचा बालकांविषयीचा कायदा १९२४ सालचा. चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ मध्ये स्थापन झाली. संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. मूल आत आणण्याची व्यवस्था अशी शंभर वर्षांत घडत गेली. मोठे झालेले मूल बाहेर पडताना लागणारी व्यवस्था त्या मानाने फार तोकडी राहिली.

कायदा काय सांगतो?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ मध्ये ‘अनुरक्षण’ ही संकल्पना स्पष्ट केली आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या, पण २१ पूर्ण न केलेल्या आणि संस्थेतून बाहेर पडलेल्या व्यक्तीला समाजात स्थिरावण्यासाठी दिलेला आर्थिक किंवा अन्य आधार म्हणजे अनुरक्षण. २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम २५ नुसार अपवादात्मक परिस्थितीत हा आधार आणखी दोन वर्षे, म्हणजे २३ वर्षांपर्यंत देता येतो.

या नियमातील तपशील वाचण्यासारखा आहे. सहा ते आठ जणांच्या गटासाठी तात्पुरते सामूहिक निवासस्थान, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, नोकरी मिळेपर्यंत साह्य, सतत संपर्कात राहणारा समुपदेशक आणि छोट्या व्यवसायासाठी कर्ज मिळवून देण्याची सोय, असे सगळे त्यात आहे. म्हणजे काय करायला हवे, हे कागदावर कधीचेच ठरलेले आहे.

केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा प्रति व्यक्ती ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात या योजनेच्या खर्चाचा केंद्र-राज्य वाटा ६०:४० असा आहे. राज्याची स्वतःची अनुरक्षण गृहेही आहेत. शिवाय २०१८ पासून राज्याने अनाथांसाठी शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण लागू केले. देशात त्या वेळी हे महत्त्वाचे पाऊल मानले गेले.

गोम एका शब्दात आहे. अधिनियमाचे कलम ४६ सांगते, की संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक साह्य ‘देता येईल’. ‘दिलेच पाहिजे’ असे ते म्हणत नाही. त्यामुळे बालगृहातला निवारा हा हक्क ठरतो, तर त्यानंतरचा आधार ही सवलत. सवलत मिळण्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागतो, कोणीतरी पाठपुरावा करावा लागतो आणि निधी त्या वेळी उपलब्ध असावा लागतो. अठरा वर्षांच्या, एकट्या मुलाला या तिन्ही गोष्टी जमवणे किती अवघड, हे सांगायला नको.

चार हजार रुपयांत घर होते का?

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, बालगृहातून बाहेर पडलेल्या दोन तरुणांना पुण्याच्या उपनगरात एक खोली ७,००० रुपये भाड्याने मिळाली. अनामत २५,००० रुपये. दलालाला एका महिन्याचे भाडे, म्हणजे ७,०००. पहिल्या महिन्याचे भाडे ७,०००. करारनोंदणी, गाद्या, शेगडी, चार भांडी यांचे किमान ६,००० धरले, तर चावी हातात येण्याआधी ४५,००० रुपये लागतात. प्रत्येकी साडेबावीस हजार.

अनुरक्षणाचे चार हजार जसेच्या तसे साठवले, चहासुद्धा प्यायला नाही, तरी एवढी रक्कम जमायला जवळजवळ सहा महिने लागतात. ते सहा महिने राहायचे कुठे? नोकरी लागली असली तरी पहिला पगार हाती यायला महिना जातो. म्हणजे दरमहाचे भाडे भरण्याची ऐपत असलेला तरुणही पहिल्या दिवसाच्या ढीगभर खर्चापाशी अडतो. मग उरतो तो मित्राच्या खोलीतला कोपरा, कामाच्या जागीच झोपण्याचा पर्याय, नाहीतर कॉट बेसिसवर मिळणारी जागा, जिथून कधीही ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगितले जाऊ शकते.

हॉटेलात किंवा दुकानात काम आणि तिथेच झोप, ही सोय वरवर चांगली वाटते. पण त्यात नोकरी आणि घर एकाच माणसाच्या हाती जाते. पगार थकला तरी मुलगा बोलत नाही. कारण बोलला तर त्याच रात्री झोपायची जागाही जाते.

पैसे असूनही घर का मिळत नाही?

घरमालक सहसा तीन प्रश्न विचारतो. गाव कुठले? घरी कोण कोण असते? ओळखीचे कोण आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आई-वडिलांच्या घरात वाढलेल्या मुलाकडे आपोआप असतात. बालगृहातून आलेल्याकडे नसतात. खरे सांगावे तर समोरच्याच्या चेहऱ्यावर शंका उमटते. खोटे सांगावे तर पुढे पकडले जाण्याची भीती.

त्यानंतर कागदपत्रे. आधार कार्डावर पत्ता बालगृहाचा असतो आणि संस्था सोडल्यावर तो निरुपयोगी ठरतो. नवा पत्ता लावायला भाडेकरार हवा आणि भाडेकरार करायला ओळखपत्र हवे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नवख्या, जामीनदार नसलेल्या तरुणाला मात्र अनेकदा ‘कराराची भानगड नको’ असे सांगून तोंडी बोलीवर खोली दिली जाते. मग त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा राहत नाही. बँक, गॅसजोडणी, शिधापत्रिका, नोकरीच्या ठिकाणची पडताळणी ही सगळी साखळी तिथेच तुटते.

मालकीच्या घरांच्या योजना या वयात उपयोगी पडत नाहीत. म्हाडाच्या सोडतीसाठी अधिवास प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा. दहाव्या वर्षी परराज्यातून येऊन दादरला उतरलेल्या मुलाने तो अठराव्या वर्षी आणायचा कुठून? शिवाय घर लागले तरी ते घेण्यासाठी कर्ज कोण देणार? विशीतल्या तरुणाची गरज वेगळी आहे. त्याला हवे ते परवडणाऱ्या भाड्याचे, स्वतःच्या नावावर करार असलेले आणि किमान दोन वर्षे हलावे न लागणारे घर.

रात्र निवारे आहेतच की! ते पुरेसे नाहीत का?

नाहीत, संख्येनेही नाहीत आणि स्वरूपानेही नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात १७.७ लाखांहून अधिक, तर महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक लोक बेघर होते. एकट्या मुंबईत हा आकडा ५७ हजारांच्या घरात होता. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या कायमस्वरूपी निवाऱ्याची सोय हवी. त्या जनगणनेतील मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे १०० जणांचे सुमारे १२४ निवारे लागतात. एवढे निवारे उभे राहिले तरी १२ हजार ४०० जणांचीच सोय होते, बाकीचे रस्त्यावरच.

पण संख्या हा अर्धाच मुद्दा. निवारा ही संकटातल्या रात्रीची सोय आहे. तिथे सामान ठेवायला कुलूपबंद जागा असेलच असे नाही, रात्रपाळीहून आलेल्याला दिवसा झोपता येत नाही, परीक्षेचा अभ्यास करता येत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला तर अशा जागी पाठवणे म्हणजे तिला पुन्हा असुरक्षित करणे. तिच्या वाट्याला आणखी एक दडपण येते. मुलीचे लग्न लावून दिले म्हणजे पुनर्वसन झाले, असे मानण्याची सवय समाजात आहे आणि संस्थांमध्येही. घर मिळवण्यासाठी लग्न करावे लागणे याला निवड म्हणत नाहीत. नोकरदार महिलांसाठीची ‘सखी निवास’ योजना अशा मुलींना उपयोगी पडू शकते. तिथले भाडे पगाराच्या ठरावीक टक्केवारीपेक्षा जास्त घेता येत नाही. मात्र त्यासाठी आधी नोकरी लागावी लागते आणि शहरात अशी जागा उपलब्ध असावी लागते.

इतर देशांनी काय केले?

इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने संस्था किंवा पालक-कुटुंब सोडणाऱ्या तरुणांसाठी वैयक्तिक सल्लागार नेमणे ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी ठरली. २०१४ च्या कायद्याने पालक-कुटुंबात वाढलेल्या तरुणांना, दोघांचीही तयारी असेल तर, २१ वर्षांपर्यंत तिथेच राहण्याची मुभा मिळाली. २०१७ च्या कायद्याने सल्लागाराचा आधार २५ वर्षांपर्यंत वाढवला. यामागचे तत्त्व सोपे आहे. प्रशासन या मुलांचे पालक आहे आणि कोणताही पालक अठराव्या वाढदिवशी दार बंद करत नाही.

अमेरिकेत संगोपन व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या १८ ते २४ वयोगटातील पात्र तरुणांना भाडेसाह्य मिळते. ते साधारणपणे तीन वर्षांसाठी असते. शिक्षण किंवा काम सुरू ठेवणाऱ्यांना ते पाच वर्षांपर्यंत वाढवता येते. तरुण आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडे भरतो, उरलेला भार सरकार उचलते.

सर्वाधिक चर्चा होते ती फिनलंडची. ‘आधी सुधारा, मग घर मिळेल’ हा क्रम त्या देशाने उलटा केला. आधी घर, मग व्यसनमुक्ती, नोकरी, समुपदेशन. २००८ पासून हे राष्ट्रीय धोरण झाले. १९८७ मध्ये तिथे १८ हजारांहून अधिक बेघर होते. २०२३ पर्यंत ही संख्या साडेतीन हजारांच्या आत आली. १९८५ मध्ये स्थापन झालेली वाय फाउंडेशन ही संस्था साध्या इमारतींमधली घरे घेऊन ती बेघरांना रीतसर करारावर भाड्याने देते. फिनलंड श्रीमंत आणि लहान देश आहे, हा आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे सगळ्यांना लगेच स्वतंत्र घर देणे शक्य नाही. पण क्रमाचा धडा घेण्यासारखा आहे. ‘नोकरी मिळव, मग घराचे बघू’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात आंघोळीला आणि झोपायला जागा नसलेल्याची नोकरी टिकत नाही.

मग महाराष्ट्राने काय करावे?

पहिले, तयारी सोळाव्या वर्षी सुरू करावी. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करणे कायद्याने आवश्यक आहेच. त्यात सोळाव्या वर्षापासून ‘बाहेर पडल्यावर राहणार कुठे’ हा रकाना सक्तीचा करावा. आधार, पॅन, बँक खाते, अनाथ प्रमाणपत्र, जातीचा दाखला यांपैकी जे लागू असेल ते सतरा पूर्ण होण्याआधी हातात असावे. घंटेच्या तालावर वाढलेल्या मुलाला महिन्याला गहू-तांदूळ किती लागतो, वीजबिल कसे भरतात, शेजाऱ्याशी भांडण झाले तर काय करायचे, हे कोणी शिकवलेले नसते. तेही या दोन वर्षांत शिकवता येते.

दुसरे, सहा-आठ जणांची सामूहिक घरे. नियमात ती आहेत, शहरांत ती दिसायला हवीत. मोठ्या वसतिगृहापेक्षा साध्या वस्तीतला एक फ्लॅट या वयाला जास्त उपयोगी. त्यासाठी म्हाडा आणि महापालिकांकडील रिकाम्या सदनिका भाड्याने देता येतील. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजना (शहरी) २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. त्यात या तरुणांसाठी ठरावीक वाटा राखून ठेवण्याचा विचार व्हावा.

तिसरे, सरकारने जामीन राहावे. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय ठरू शकतो. समजा, दरवर्षी ५०० तरुणांसाठी प्रत्येकी १५,००० रुपये अनामत म्हणून बाजूला ठेवली, तर ७५ लाख रुपये लागतील. हा खर्च नव्हे, ठेव आहे; करार संपला की परत येणारी. पाचांपैकी एकाची अनामत पूर्ण बुडाली असे धरले तरी नुकसान १५ लाखांचे. मालकालाही ओळखीच्या माणसाऐवजी जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे पत्र मिळाले, तर त्याची भीती बरीच कमी होईल.

चौथे, ‘देता येईल’च्या जागी ‘दिले जाईल’. राज्याला आपल्या पातळीवर शासन निर्णय काढून अनुरक्षणाची मुदत आणि रक्कम निश्चित करता येईल. केंद्राच्या चार हजारांत मुंबई-पुण्यासाठी राज्याची भर घालता येईल. पैसे थेट तरुणाच्या खात्यात, ठरलेल्या तारखेला जावेत. भाड्याची तारीख अनुदानाची वाट पाहत नाही.

पाचवे, माणूस. घर मिळाल्यावर पहिल्या वर्षात काम सुटणे, आजारपण, सोबत राहणाऱ्याशी वाद हे सगळे होणारच. अशा वेळी फोन करता येईल असा एक समुपदेशक हवा आणि त्याच्याकडे शेकडो प्रकरणे नसावीत.

दिव्यांग आणि बेवारस मुलांचा प्रश्न आणखी कठीण आहे. त्यांतील अनेकांना आयुष्यभर आधार लागतो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे अशा मुलांना सांभाळणारे, पद्मश्री शंकरबाबा पापळकर अठरा वर्षांनंतरही त्यांना संस्थेतच राहू देणारा कायदा व्हावा, ही मागणी वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्यांच्यासाठी वयाची अटच लावू नये, हेच न्याय्य.

‘किती दिवस पोसायचे?’ या प्रश्नाचे काय?

हा प्रश्न विचारला जातो आणि त्याला उत्तर द्यायला हवे. राज्याने एका मुलावर आठ-दहा वर्षे अन्न, शिक्षण, आरोग्य यांचा खर्च केलेला असतो. शेवटच्या दोन-तीन वर्षांचा आधार काढून घेतला, तर आधीचा सगळा खर्च वाया जाण्याची शक्यता वाढते. आणि आपल्या घरांत आपण हा प्रश्न विचारतो का? पदवी होईपर्यंत, नोकरी लागेपर्यंत, अनेकदा लग्नानंतरही मुले आई-वडिलांच्या घरात राहतात. त्याला कोणी पोसणे म्हणत नाही. ज्याच्यामागे कोणी नाही, त्यानेच अठराव्या वर्षी स्वावलंबी व्हावे, ही अपेक्षा उफराटी आहे.

वाचकांना काय करता येईल?

घरमालक असाल, तर अशा तरुणाला नकार देण्यापूर्वी त्याच्या संस्थेच्या अधीक्षकांशी एकदा बोला आणि करार नोंदणीकृतच करा. त्यात तुमचेही संरक्षण आहे. गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर असाल, तर लक्षात घ्या, की नमुना उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवणे पुरेसे असते. ‘एकटा मुलगा नको’, ‘एकटी मुलगी नको’ अशा अलिखित नियमांचा पहिला फटका याच मुलांना बसतो. आणि तुम्ही स्वतः किंवा तुमच्या ओळखीतले कोणी बालगृहातून बाहेर पडले असेल आणि वय २१ च्या आत असेल, तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातील बाल संरक्षण कक्षात अनुरक्षणासाठी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. वय २१ ते २३ दरम्यान असेल, तरी अपवादात्मक परिस्थिती नमूद करून अर्ज करून पाहा.

सरकारी कागदांवर या मुलांच्या पालकाच्या जागी अनेक वर्षे संस्थेचे, म्हणजे पर्यायाने राज्याचे नाव असते. ते नाव लावले आहे, तर पहिल्या भाडेकरारावर जामीनदाराची सहीही राज्यानेच करायला हवी.